डँगनचा बोजा



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी जमतो ते गुरुजी इतिहास वर्गात थोडा आणि वर्गाबाहेर जास्त शिकवायचे. एका डिसेंबरात त्यांनी आम्हा दहा-बारा पोरांना अकोटहून एस.टी.त घालून अडगावला नेलं. तूर शेंगेवर आली होती, पऱ्हाटीचा वेचा चालू होता. बांधावर उभं राहून, हात लांब करून गुरुजी सांगत होते : इथं भोसल्यांची फळी, तिथं इंग्रजांच्या पलटणी, मधे तोफा. तेवढ्यात वावराचा मालक आला. म्हातारा, डोक्याला दुपट्टं.

"काय पाहून रायले, मास्तर? वावर घ्याचं हाय काय?"

"नाही बाप्पा. पोरांना लढाईची जागा दाखवतो."

"कोनाची लढाई?"

"वेलस्ली नावाचा साहेब होता. फार जुनी गोष्ट. मोगलाईतली."

म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "त्या सायबाचं इथं वावर होतं काय?"

"नव्हतं."

"मंग कायले आल्ता?"

आम्ही पोरं हसलो. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी म्हाताऱ्याला जे उत्तर दिलं ते मी शेवटी सांगतो, कारण ते समजायला आधी साहेबाचं वावर कुठं होतं हे कळायला हवं. ते होतं आयर्लंडात, मीथ नावाच्या परगण्यात. त्या वावराचं, त्यातल्या वाड्याचं आणि त्या घराण्याचं आज बोलायचं आहे.

मीथ म्हणजे डब्लिनच्या वायव्येचा सपाट, गवताळ, गाईगुरांचा मुलूख. ट्रिम गावाजवळ डँगन नावाची मोठी इस्टेट होती. तिथं वेस्ली घराणं नॉर्मन लोकांच्या स्वाऱ्यांपासूनचं, म्हणजे आपल्याकडं देवगिरीला यादव होते तेव्हापासूनचं. पण ज्याला आपण ओळखतो तो आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, हा सरळ पुरुषपरंपरेनं वेस्ली नव्हताच. त्याचा आजा रिचर्ड कॉली. १७२८ साली डँगनचा गॅरेट वेस्ली निपुत्रिक वारला. त्यानं इस्टेट या नात्यातल्या कॉलीला दिली, पण अट घातली : आमचं आडनाव लावायचं. कॉलीनं लावलं. हे मी सांगतो तेव्हा वऱ्हाडातल्या श्रोत्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडं देशमुखांच्या, पाटलांच्या निम्म्या वंशावळीत एक तरी आडवी रेघ अशी असतेच. होम नाही, मांडीवर बसवणं नाही, पण हे दत्तकच.

हा दत्तक आजा हौशी निघाला. मेरी डिलेनी नावाच्या एका बाईंची १७३०च्या दशकातली पत्रं आहेत, त्यांत डँगनचं वर्णन येतं. बागेत खोदलेला मोठा तलाव, तलावात बेटं, पाण्यावर छोटी लढाऊ गलबतं, काठावर तोफा मांडलेला खेळातला किल्ला. पाहुणे आले की तोफांची सलामी. जागोजागी दगडी स्तंभ आणि पुतळे. १७४६ साली आजा लॉर्ड मॉर्निंग्टन झाला.

त्याचा मुलगा गॅरेट याला गाण्याचं वेड. लहानपणापासून व्हायोलिन, पुढं स्वतः रचना करायचा. १७६० साली तो अर्ल झाला आणि १७६४ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचा प्राध्यापक. खानदानी जमीनदारानं संगीताची प्राध्यापकी करणं हे तिथंही नवलाचंच होतं. माणूस गोड, हात सैल. जमाखर्च बघणं त्याच्या रक्तात नव्हतं. १७८१ साली तो वारला तेव्हा थोरला रिचर्ड अजून एकविशीत पोचलेला नव्हता. त्याच्या मागं चार भाऊ, बहीण, विधवा आई. आणि बोजा.

या बोजाची तऱ्हा नीट पाहण्यासारखी आहे. तिकडच्या रिवाजानं इस्टेट सगळी थोरल्याला. पण आईची पोटगी, बहिणीचा हुंडा, धाकट्यांच्या वाटणीच्या रकमा, बापाचं कर्ज आणि त्यावरचं व्याज, हे सगळं त्याच जमिनीवर चढलेलं. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' म्हणून रकाना असतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो मालक खरा. पण तो रकाना भरलेला असेल तर मालकाला शेत विकता येत नाही, नीट खाता येत नाही, नुसतं मिरवता येतं. रिचर्डच्या नावावर हजारो एकर होते आणि त्याचा तो रकाना गच्च भरलेला होता. वसूल कुळांकडून यायचा आणि डब्लिन-लंडनच्या धनकोंकडं जायचा. मधला भाऊ विल्यम वाचला, कारण त्याला दुसरीकडं पोल नावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली. अट तीच, आडनाव लावायचं. तो वेलस्ली-पोल झाला. या घराण्यात जमीन आडनावामागून नाही, आडनाव जमिनीमागून चालायचं.

आर्थर १७६९चा. ईटनच्या शाळेतून १७८४ साली त्याला काढावं लागलं. पैसे पुरेनात, आणि होते ते हुशार भावंडांवर लावणं बरं, असा आईचा हिशेब. मग थोडे दिवस ब्रसेल्सला, थोडे दिवस फ्रान्सात घोडेस्वारी शिकायला. १७८७ साली त्याला पलटणीत खालच्या पायरीची जागा मिळाली. त्या काळात इंग्रजी फौजेतल्या वरच्या जागा विकत घ्याव्या लागत, आणि या भावासाठी ते पैसे थोरल्या रिचर्डनं उसने दिले.

मग उजाडलं १७९३. त्या सुमाराला आर्थरनं किटी पॅकेनहॅम या शेजारच्या परगण्यातल्या मोठ्या घरच्या मुलीला मागणी घातली. तिच्या घरच्यांनी पोराची ऐपत बघून नकार दिला. चरित्रकार सांगतात, त्याच वर्षी त्यानं आपली व्हायोलिनं जाळून टाकली. बापाकडून त्याला मिळालेलं एवढंच होतं, हात चांगला होता म्हणतात, पण पुन्हा त्यानं वाद्याला हात लावला नाही. आणि त्याच १७९३ साली रिचर्डनं डँगन विकलं.

१७९७च्या फेब्रुवारीत आर्थर आपल्या ३३व्या पलटणीबरोबर कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. याच सुमाराला घराण्यानं वेस्लीचं वेलस्ली केलं, जुन्या वळणावर नेलं. श्रीरंगपट्टण पडल्यावर विलायतेनं रिचर्डला मार्क्विस केलं, पण आयर्लंडच्या यादीतला. त्याला इंग्लंडचा किताब हवा होता. चिडून तो त्याला दुहेरी मुलाम्याचा सोनेरी बटाटा म्हणायचा. आयरिश जमिनीवर वाढलेल्या माणसाला आयरिश मानाचं वाटणारं मोल त्या बटाट्यात आहे. श्रीरंगपट्टणच्या लुटीतून आर्थरला चार हजार पौंड मिळाले. त्यानं भावाला लिहिलं, माझ्या नेमणुकीसाठी केलेला खर्च यातून घे. भावानं नाही म्हटलं. घरात एकमेकांना असं सांभाळत होते, हेही सांगितलं पाहिजे.

'तबेल्यात जन्मला म्हणून कोणी घोडा होत नाही' अशा अर्थाचं एक वाक्य वेलिंग्टनच्या नावावर खपवलं जातं, म्हणजे मी जन्मानं आयरिश असलो तरी आयरिश नाही. ते वाक्य त्याचं नाही. डॅनियल ओकॉनेलनं, आयरिश जनतेच्या पुढाऱ्यानं, त्याला टोमणा म्हणून मारलेलं आहे. पण दोनशे वर्षं ते त्याला चिकटून राहिलं, यावरून कुळांना हे घराणं कुणाचं वाटत होतं ते कळतं. कुळांचा धर्म वेगळा, शेकोटीभोवतीची बोली वेगळी, आणि वसुलाला मालक नाही, कारभारी येणार.

आता वऱ्हाडात येऊ.

१८०३ची ती दिवाळी दख्खनला दुष्काळात गेली. इंग्रजांचं शिंदे-भोसल्यांशी युद्ध चालू होतं. २३ सप्टेंबरला असईला त्यांची फौज मोडून वेलस्ली पूर्वेकडं सरकला. त्याच्या फौजेचं पोट लमाणांच्या बैलांवर होतं. ते बैल दाणा आणत तेवढेच दिवस ती फौज चालत होती. २९ नोव्हेंबरला एका गावच्या बुरुजावर चढून त्यानं दुर्बिणीतून पाहिलं, तर अडगावच्या अलीकडं, शिरसोलीच्या शिवारात, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू फळी धरून उभे. दुपार टळून गेली होती. तरी त्यानं लढाई घेतली. सुरुवातीलाच तोफांच्या माऱ्याखाली शिपायांच्या तीन तुकड्या पळत सुटल्या, असईला न डगमगलेल्या तुकड्या. वेलस्ली स्वतः घोडा घालून त्यांच्यात शिरला, ओरडून काही होत नाही म्हटल्यावर त्यांना मागं नेऊन पुन्हा रांगेत लावलं आणि पुन्हा पुढं आणलं. मी तिथं नसतो तर त्या दिवशी आपला पराभव होता, असं त्यानं नंतर खाजगी पत्रात लिहिलं. भोसल्यांकडचे अरब पायदळ ७४व्या आणि ७८व्या गोऱ्या पलटणींवर तुटून पडले आणि तिथंच संपले. बाकीची फळी फुटली. चांदण्यात पाठलाग चालला. ३८ तोफा हाती लागल्या. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आसपास. आपल्याकडच्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही.

पुढचं ठाणं गाविलगड. आपण चिखलदऱ्याला सहलीला जातो तेव्हा दिल्ली दरवाज्यावरच्या गंडभेरुंडाखाली फोटो काढून परततो. पण वेलस्लीचा जोडीदार सेनानी स्टीव्हन्सन याच्या माणसांनी तोफा वर नेल्या ती उत्तरेची वाट कोणी बघत नाही. रस्ता नव्हताच. आधी तोडायचा, मग त्यावरून अवजड तोफा हातांनी ओढायच्या, असे तीसेक मैल मेळघाटातून. १३ डिसेंबरला तोफा डागल्या, १५ला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून हल्ला झाला. आतल्या किल्ल्याच्या तटाला शिड्या लावून कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी आत उतरली आणि तिनं दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग रजपूत दरवाज्याशीच पडला.

मला इथं नेहमी डँगनच्या तलावाकाठचा तो खेळातला किल्ला आठवतो. आर्थर लहान असताना त्या तोफांची रया गेलीही असेल, गलबतं कुजली असतील. पण पोरगं तिथं खेळलं असेलच.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह. रघूजींनी कटक-बालेश्वर कंपनीला दिलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा आपला हक्क सोडला. तो निजामाकडं गेला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे भोसल्यांना परत, चार लाख वसुलाच्या मुलुखासकट. ३० डिसेंबरला शिंद्यांशी तह झाला तो आपल्या अंजनगाव-सुर्जीत. पानमळ्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. पण दिल्ली, आग्रा, गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर, एवढं सगळं शिंद्यांच्या हातून गेलं ते तिथं. डँगनच्या दोन भावांनी मिळून अर्ध्या हिंदुस्थानचा सातबारा फिरवला, एकानं कलकत्त्यातून, एकानं वऱ्हाडातून. आणि स्वतःच्या नावावर इथं एक बिघाही लावून घेतला नाही. या युद्धात वेलस्लीच्या बाजूनं अचलपूरचा सलाबतखान उभा होता. हे पन्नी पठाण. बाप इस्माईलखान निजामाचा वऱ्हाडचा सुभेदार. सलाबतखानानं अचलपुरात वाडा वाढवला, लोकांसाठी बाग केली, जुने पाण्याचे पाट पुढं नेले. त्याच्या कामगिरीची शिफारस वेलस्लीनं निजामाकडं केली. मुलगा नामदारखान याला नवाब किताब आला, जहागिरी वाढल्या. पण जहागिरीबरोबर फौज ठेवायची अट असते. फौजेचा पगार थकला, जहागिरी परत द्याव्या लागल्या, आणि १८४३ साली तो देणं ठेवून वारला. मग पुतण्या इब्राहिमखान, तोही तीन वर्षांत गेला. १८४६ साली त्याची विधवा आणि सासरा गुलाम हसन यांना वारसा मिळाला, सात लाख रुपये नजराणा भरून. सात लाख आणायचे कुठून? सावकाराकडून. पुढची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. व्याज, व्याजावर व्याज, जप्ती.

मीथच्या आणि अचलपूरच्या या दोन घराण्यांत मी साम्य ओढूनताणून काढत नाही. दोन्ही बाहेरून आलेली, दोन्ही तलवारीच्या जोरावर कुळांच्या डोक्यावर बसलेली, दोघांना बागेची आणि पाण्याची हौस, आणि दोघांचं वतन लढाईत नाही गेलं, वहीत गेलं. नवाबाच्या वाड्याला जसा सावकार तसा डँगनला.

सावकाराच्या वहीत माणसंच नाहीत, मुलूखही चढतात. निजामानं वऱ्हाडचे परगणे सावकारांना मक्त्यानं दिले होते. मुंबईची पेस्तनजींची पारशी पेढीही त्यात होती. शेवटी हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा पगार निजामाकडून थकला, तेव्हा १८५३ साली त्यानं वऱ्हाडच इंग्रजांच्या हाती दिला. वसूल तुम्ही करा, पगार भागवा. साध्या शब्दात गहाण. १९०२ साली त्या गहाणाचा कायमचा ठोका झाला, साल दरसाल पंचवीस लाख रुपये. आपल्याकडं वावर ठोक्यानं देतात, तसा जिल्ह्यामागून जिल्हा. मालक हैदराबादेत, वहिवाट दुसऱ्याची. निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही पुढं मिळाला. त्या राजपुत्राला वऱ्हाडात शेतसारा गोळा करायचा अधिकार नव्हता.

त्याच १८५३च्या डिसेंबरात नागपूरला तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक नाकारला आणि १८५४ साली राज्य खालसा केलं. मघाचा रिचर्ड कॉली आठवा. दूरच्या नात्यातला, वेगळ्या आडनावाचा माणूस आडनाव बदलून डँगनचा मालक होतो, तो कायदा. आणि भोसल्यांच्या घरात दत्तक येतो तो बेकायदा. हे बोलताना मला शांत राहता येत नाही, माफ करा.

इंग्रजांनी १८६१पासून वऱ्हाडची मोजणी केली ती मुंबईच्या धर्तीवर, रयतवारीनं. देशमुख-देशपांड्यांचा वसुलाचा कारभार सुटला, नुसता मोबदला उरला. प्रत्येक सर्व्हे नंबर कसणाऱ्याच्या खात्यावर आला. काही जहागिरी आणि इजाऱ्याची गावं सोडली तर आयर्लंडसारखा गावंच्या गावं गिळणारा जमीनदार इथं कायद्यानं झाला नाही. पण खातं कुळाच्या नावावर आलं तसा बोजाही त्याच्याच नावावर चढू लागला. कापसाला भाव आला तशी पत वाढली, पत वाढली तसं कर्ज.

आयर्लंडात उलट झालं. तिथं कुळांनी १८७९पासून जमिनीचा लढा उभारला. १८८० साली मेयो परगण्यात एका जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सगळ्या गावानं व्यवहार तोडला. त्याचं नाव कॅप्टन बॉयकॉट. आपण ज्याला बहिष्कार म्हणून राष्ट्रीय चळवळीत आणलं, त्या शब्दाची इंग्रजी बाजू एका वसुली करणाऱ्याच्या आडनावातून आली आहे. अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांनी टिळकांबरोबर होमरूलचं काम केलं, तो होमरूल शब्दही आयरिशच. १९०३ साली पार्लमेंटनं कायदा करून सरकारी कर्जातून कुळांना जमिनी विकत घेऊ दिल्या, आणि मोठ्या इस्टेटी वितळत गेल्या. आपल्याकडच्या जहागिरी-इजारे मध्यप्रदेशच्या कायद्यानं १९५१ साली गेले.

डँगनचं काय झालं? १८०३च्या सुमाराला, म्हणजे इकडं अडगाव पेटलं असताना, तो वाडा रॉजर ओकॉनर या आयरिश बंडखोरानं भाड्यानं घेतला. नेपोलियन आयर्लंडात उतरला तर त्याचं स्वागत करायला साजेशी जागा हवी, असं तो म्हणायचा. झाडं तोडून विकली गेली. १८०९ साली वाड्याला आग लागली; विमा नुकताच उतरवलेला होता. पुढं हाच माणूस टपालगाडी लुटल्याच्या खटल्यात आरोपी झाला आणि सुटला. त्याचा मुलगा फर्गस ओकॉनर लहानपणी याच डँगनमध्ये होता. मोठेपणी तो इंग्लंडातल्या मजुरांच्या चार्टिस्ट चळवळीचा पुढारी झाला, आणि त्यानं एक योजना काढली : वर्गणीतून इस्टेटी विकत घ्यायच्या आणि मजुरांना थोडी थोडी शेती वाटायची. १० एप्रिल १८४८ला लंडनच्या केनिंग्टन मैदानात फर्गस हजारो मजुरांपुढं उभा होता. शहराच्या बंदोबस्ताची आखणी केली होती ऐंशीच्या उंबरठ्यावरच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टननं. एकाच वाड्यात वाढलेली दोन पोरं. आज डँगनला छप्पर नसलेल्या भिंती आहेत, आजानं उभारलेले दगडी स्तंभ आहेत, आणि भोवती गुरं चरतात.

आर्थर १८०५ साली हिंदुस्थानातून परतला तेव्हा त्याच्याजवळ सुमारे ४२ हजार पौंड होते, मुख्यतः लुटीच्या वाट्याचे. त्यानं देणी फेडली. पुढच्याच वर्षी किटी पॅकेनहॅमशी लग्न केलं. आता कुणी नाही म्हणालं नाही. पुढं स्पेननं त्याला ग्रॅनडाजवळ इस्टेट दिली, इंग्लंडनं हॅम्पशरमध्ये १८१७ साली विकत घेऊन दिली. डँगन त्यानं परत घेतलं नाही.

आता अडगावच्या बांधावर परत येतो. "मंग कायले आल्ता?" असं म्हाताऱ्यानं विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, "बापाचं वावर विकल्या गेलं होतं. अंगावर कर्ज होतं."

म्हातारा "हां" म्हणाला. पुढं काही विचारलं नाही. तुरीच्या दोन-चार डहाळ्या मोडून त्यानं आमच्या हातात दिल्या आणि म्हणाला, "पोट्टेहो, शेंगा खाऊन घ्या, मंग जा. एस्टी चारले हाय."